कट्टी सरांना नापास व्हायचं होतं

बाळाचार्य कट्टी सरांचं कर्नाटक सरकारशी भांडण होतं असं नाही. भांडण होतं ते एका तिकिटाशी. इकडे बायकांना सरकारी बस फुकट झाली, पण फुकट म्हणजे चढलं नि बसलं असं नव्हे. कंडक्टर कार्ड बघतो आणि रीतसर शून्य रुपयांचं तिकीट काढून हातात देतो. सरांनी धारवाडात चौतीस वर्षं हायस्कुलात गणित शिकवलेलं. शून्य रुपयांचं तिकीट ही कल्पनाच त्यांना सोसेना. "शून्य म्हणजे काही नाही. जे नाहीच ते छापता कशाला?" हे त्यांनी एकदा आपल्या घराजवळच्या रायापूर थांब्यापासून हुबळीपर्यंत कंडक्टरला समजावून सांगितलं. कंडक्टरने शांतपणे ऐकलं आणि सरांचं पूर्ण पैशाचं तिकीट फाडलं. शेजारी बसलेल्या त्यांच्या पत्नीने, विमलाबाईंनी, आपलं शून्य घडी करून पर्समध्ये ठेवलं.

"जिला सगळं दिसतं ती फुकट, आणि मी पैसे भरून," सर पुटपुटले.

हे बोलायला नको होतं. विमलाबाई दोन वर्षं याच वाक्याची वाट बघत होत्या.

"म्हणजे तुम्हाला दिसत नाही तर."

"कमी दिसतं."

या 'कमी'वरून त्या घरात जेवढी भांडणं झाली तेवढी जमिनीवरूनही लोकांची होत नसतील. काचबिंदूने सरांच्या उजव्या डोळ्याचा निकाल कधीच लावला होता, आणि डाव्याला समोर उजेडाचा एक धुरकट ठिपका उरला होता. पण सर चालायचे ताठ. घरातल्या पायऱ्या मोजलेल्या, गल्लीतली माणसं खोकल्यावरून ओळखलेली. समोरून कोणी आलं की "काय, बरं आहे ना?" असं मोघम विचारायचं, म्हणजे बाई असो, पुरुष असो, चालून जातं. एकदा म्हशीलाही चालून गेलं होतं.

आता खरी अडचण सांगतो. जानेवारीत पुण्याला निवेदिताचं, म्हणजे त्यांच्या मुलीचं, बाळंतपण होतं. विमलाबाईंना तीन महिने जायचं होतं. सरांना मात्र इथून हलायचं नव्हतं, कारण मार्चमध्ये भार्गवीची परीक्षा होती.

भार्गवी सोळा वर्षांची, जन्मापासून आंधळी, हुबळीत केशवापूरला मुलींच्या वसतिगृहात राहायची. तिच्यासारख्या मुलांना दहावीला गणिताऐवजी दुसरा विषय घेता येतो. ती म्हणाली, मला गणितच पाहिजे. शिकवायला कोणी मिळेना, तेव्हा वसतिगृहाच्या बाईंनी सरांना विचारलं. सर मंगळवारी आणि शनिवारी जाऊ लागले. निवृत्त झाल्यावर आठ वर्षांनी कोणी तरी त्यांना प्रमेय विचारत होतं, आणि त्या दोन दिवसांसाठी ते उरलेले पाच दिवस काढत होते. पण पोचवायला विमलाबाई लागायच्या.

"मी एकटा जाईन की," सर म्हणाले.

"गेला होतात की एकदा."

गेले होते. रायापूरच्या थांब्यावर एका खाजगी कॉलेजच्या बसमध्ये चढले. पोरांना वाटलं नवे प्राध्यापक. त्यांनी उठून जागा दिली, कॉलेजात उतरवलं, वर्गापर्यंत सोडलं. सर मुळात इतके भिडस्त की चुकलो म्हणायच्या ऐवजी त्यांनी पाऊण तास त्रिकोणमिती शिकवली. पोरांना म्हणे ती पहिल्यांदा समजली. दुपारी तीनला विमलाबाई त्यांना आणायला गेल्या तेव्हा सर कँटीनमध्ये इडली खात होते.

"अपंगांचं कार्ड काढा, पांढरी काठी घ्या," विमलाबाईंनी निकाल दिला. "कार्ड असलं की बस फुकट, राखीव जागा, कंडक्टर उतरायचं ठिकाण सांगतो. भार्गवी तसंच फिरते सगळीकडे. तुम्हीही तसे फिरायला लागलात तर मी पुण्याला जाईन. नाही तर एक, तुम्ही माझ्याबरोबर चला. नाही तर दोन, मी जात नाही."

सरांना दोन्ही पर्याय नको होते. ते कार्डाला तयार झाले.

ही बातमी शेजारच्या सुधींद्रअण्णांना कळली. सुधींद्रअण्णा बँकेतून निवृत्त झालेले; त्यांना सगळ्या योजना पाठ, फक्त स्वतःला एकही लागू होत नाही याचं दुःख. त्यांनी रेल्वेची सवलत सांगितली, सोबत्याची सवलत सांगितली, महिन्याची मदत सांगितली.

"मदत नको. मला पेन्शन आहे," सर म्हणाले. "ज्यांना नाही त्यांना मिळू दे."

"बरं. पण एक लक्षात ठेवा सर, ओळखीशिवाय काम होत नाही. तुमचं नशीब बघा, गावातल्या प्रत्येक खुर्चीवर तुमचा विद्यार्थी बसलाय."

हे खरं होतं, आणि घात झाला तो यानेच.

सुभाष रोडला एका जिन्याखाली अर्ज भरून देण्याचं दुकान होतं. सरांनी आत पाऊल टाकलं तोच कोणी तरी खुर्ची ढकलून उठलं आणि सरांच्या पायाला हात लागला.

"सर, मी संजीव. दहावी ब. ओळखलंत?"

"ओळखलं की. चेहरा तोच आहे तुझा," सर म्हणाले.

संजीवला टक्कल पडलं होतं आणि छातीपर्यंत दाढी होती, हे विमलाबाईंनी नंतर सांगितलं. पण त्या वेळी संजीव इतका खूश झाला की त्याने रांगेतल्या सहा जणांना थांबवून सरांचा अर्ज उघडला. नाव झालं, पत्ता झाला. फोटोसाठी त्याने सरांना कॅमेऱ्याकडे बघायला सांगितलं. सरांनी रोखून भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघितलं. "छान आलाय सर," संजीव म्हणाला. मग आला अपंगत्वाचा प्रकार. यादीत 'अंध' होतं, 'अल्पदृष्टी' होतं. संजीवची बोटं थांबली. ज्या सरांनी फळ्याकडे तोंड करून मागच्या बाकावरची चिंच पकडली होती, त्यांच्या नावापुढे अंध कसं लिहायचं? त्याने अल्पदृष्टी निवडलं, आणि शेऱ्याच्या चौकटीत मनानेच घातलं, 'वयोमानानुसार. बाकी प्रकृती उत्तम.' वर चहा पाजला आणि पैसे घेतले नाहीत.

तपासणीची तारीख नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यातली आली. सकाळी सुधींद्रअण्णा काळा चष्मा घेऊन हजर. त्यांच्या मोतीबिंदूच्या वेळचा होता. "घाला. बघणाऱ्याला पटलं पाहिजे."

चष्म्याने इतकंच केलं की सरांचा तो उरलेला ठिपकाही गेला. सरकारी इस्पितळात शिरल्या शिरल्या त्यांनी दाराशी उभ्या असलेल्या लोखंडी कपाटाला नमस्कार केला, "काय, बरं आहे ना?" विचारलं, आणि उत्तर आलं नाही म्हणून हल्लीच्या नोकरांच्या उद्धटपणाबद्दल विमलाबाईंना दोन शब्द ऐकवले. विमलाबाईंनी चष्मा काढून पर्समध्ये टाकला. नऊला गेलेल्यांचा नंबर साडेबाराला लागला.

आत डॉक्टरांच्या आधी नजर तपासणारी एक मुलगी होती. तिने नाव वाचलं आणि ती उभी राहिली.

"सर, मी दीपश्री. तुम्ही मला भूमितीला दोनदा बाकावर उभं केलं होतं."

झालं. आता हे समजून घ्या की सर आयुष्यात कुठल्याही परीक्षेत नापास झाले नव्हते. आणि खाजगी दवाखान्यात गेली बारा वर्षं दर तीन महिन्यांनी ते एकाच तक्त्यासमोर बसत आले होते. तो तक्ता त्यांना कधीच पाठ झाला होता. मुद्दाम नव्हे; गणिताच्या माणसाच्या डोक्यात गोष्टी आपोआप बसतात. दीपश्रीने "समोरची अक्षरं वाचा सर" म्हटलं आणि सरांच्या मनात काय आलं देव जाणे. जिला आपण बाकावर उभं केलं तिच्यासमोर 'येत नाही' म्हणायचं? त्यांनी पाठ ताठ केली आणि पहिल्या ओळीपासून पाचव्या ओळीपर्यंत इंग्रजी अक्षरं खणखणीत म्हणून दाखवली. सहाव्या ओळीला, खरं वाटावं म्हणून, थोडं अडखळलेसुद्धा.

दीपश्रीने एकदा भिंतीवरच्या तक्त्याकडे बघितलं, एकदा सरांकडे.

"झालं सर," दीपश्री हळूच म्हणाली आणि तिने कागदावर काही लिहिलं. पुढे डॉक्टरांकडे साठ माणसं होती. त्यांनी कागद बघितला, अर्जातलं 'बाकी प्रकृती उत्तम' बघितलं, आणि सही केली.

सर बाहेर आले ते निकाल लागल्यासारखे. "शेवटची ओळ सोडून सगळं आलं."

"काय आलं?" विमलाबाईंनी विचारलं.

सरांनी सांगितलं. विमलाबाई खाली बाकावर बसल्या. बराच वेळ त्या उठल्याच नाहीत.

पंधरा दिवसांनी संजीवच्या दुकानातून फोन आला की अर्जदार कार्डाला पात्र नाही. त्या दिवशी विमलाबाई भांडल्या नाहीत. त्यांनी निवेदिताला फोन लावला आणि म्हणाल्या, "माझं यायचं काही खरं नाही बाळ. यांना टाकून कशी येऊ?" तिकडून पोरीला एवढंच म्हणता आलं, "बरं आई. बघते मी काहीतरी." पहिलं बाळंतपण, सासूबाई अंथरुणाला खिळलेल्या, कोण होतं तिला? आपल्या पाच ओळींच्या शहाणपणाची किंमत आपली लेक देणार, हे सरांना लख्ख कळलं. त्यांना स्वतःची लाज वाटली.

शनिवारी ते भार्गवीला शिकवायला गेले. आंधळ्या मुलांची गणिताची पाटी असते, भोकाभोकांची. भोकांत शिशाच्या खुंट्या रोवून आकडे मांडायचे. भार्गवीने गणित मांडलं, सरांनी "बघू" म्हणून पाटी ओढली.

"सर, आज तुमचं लक्ष नाही. दोनदा तीच ओळ चाचपलीत."

सरांनी पाटी खाली ठेवली. "तुला कसं कळलं?"

"खुंट्यांवर बोटांचा आवाज येतो की. पहिल्या दिवसापासून येतो. डोळस माणूस पाटी हातात घेत नाही, लांबूनच बरोबर-चूक सांगतो."

सरांना वाटत होतं, ही गोष्ट आपण या पोरीपासून आठ महिने लपवली आहे. लपवायचं काही उरलंच नव्हतं, म्हणून त्यांनी इस्पितळाची सगळी हकीकत सांगून टाकली. भार्गवी इतकी हसली की बाहेर बसलेल्या विमलाबाईंनी दारातून डोकावून बघितलं.

"सर, तुम्ही कॉपी केलीत?"

"पाठांतर होतं ते."

"गेल्या महिन्यात मी उदाहरण पाठ करून आले तेव्हा तुम्ही त्याला काय म्हणालात? 'येत नसेल तर येत नाही म्हण, त्यात कमीपणा नाही, मी पुन्हा शिकवीन.' तुम्हीच म्हणालात ना?" मग तिचा आवाज उतरला. "मला तर त्या तपासणीत शंभर टक्के मिळालेत. त्या कार्डावर मी एकटी बेळगावला आईकडे जाते. वसतिगृहाचा खर्च निघतो तोही मला मिळणाऱ्या मदतीतून. मला त्यात भीक वाटत नाही, सर. तुम्हाला वाटते का?"

चौतीस वर्षांत सरांना विद्यार्थ्याने असं उभं केलं नव्हतं. त्यांना पोरीचा राग आला नाही, अभिमानच वाटला. पण तो बोलून दाखवायची त्यांना सवय नव्हती, म्हणून त्यांनी तिला आणखी चार उदाहरणं घातली.

सोमवारी ते सुभाष रोडला गेले. वाटेत सुधींद्रअण्णांनी सल्ला दिला होता की तक्ता सदोष होता असं लिहा, नाही तर त्या दिवशी घरी सुतक होतं असं लिहा. सरांनी संजीवला मजकूर सांगितला: "मागील तपासणीत अर्जदाराने उत्तरे पाठांतराने दिली. अर्जदारास तक्ता दिसत नव्हता. तरी फेरतपासणी व्हावी."

"सर, असं कोणी लिहीत नाही," संजीव काकुळतीला आला.

"तू लिही. आणि प्रकार बदल. अंध लिही. ते 'वयोमानानुसार' काढ आधी, तुला कोणी विचारलं होतं?"

खटखट ऐकू येईना.

"हात चालत नाही सर."

"संजीव, मला जायचंय केशवापूरला. तू असाच माझा मान राखत बसलास तर मी घरात बसून राहीन. लिही बाळा."

मग खटखट ऐकू आली. मधेच संजीवने नाक पुसल्याचाही आवाज आला, पण सरांनी तिकडे लक्ष दिलं नाही.

फेरतपासणीला दीपश्रीच होती. सर खुर्चीत बसले आणि तिने काही विचारायच्या आत म्हणाले, "मला समोर काही दिसत नाही. मागच्या वेळी मी कॉपी केली. चौतीस वर्षं मी पोरांच्या बाह्या तपासल्या, आणि शेवटी स्वतः हे केलं. काय लिहायचं ते लिही."

दीपश्री रडकुंडीला आली. "मला माहीत होतं सर."

"काय माहीत होतं?"

"तुम्ही इंग्रजी अक्षरं म्हणालात. भिंतीवर कन्नड तक्ता होता."

सर जागच्या जागी गरम झाले. अपमान झाला म्हणून नव्हे. "एकही अक्षर बरोबर नव्हतं? मग मार्क कसे दिलेस तू?"

"सरांना शून्य कसं देणार? हातच उठेना."

"उत्तर चूक असेल तर शून्यच द्यायचं. समोर कोण बसलंय ते बघायचं नाही. शाळेत मी तुला कधी फुकटचा एक तरी मार्क दिला?"

"नाही सर."

"मग?"

आवाज वाढल्यामुळे आतले डॉक्टर बाहेर आले. त्यांना वाटलं मार्क कमी पडले म्हणून पेशंट भांडतोय. सगळा प्रकार कळल्यावर त्यांनी साठ माणसं थांबवून स्वतः सरांच्या डोळ्यात दिवा धरला, बाजूची नजर तपासली, जुने कागद वाचून घेतले. शेवटी म्हणाले, "कट्टी सर, तुम्ही इथवर आलात कसे?"

"पावलं मोजत," सर म्हणाले.

डॉक्टरांनी नव्वद टक्के लिहिले. बाहेर बाकावर बसलेल्या विमलाबाईंना सरांनी आकडा सांगितला. त्यांनी आनंदाने डोळे पुसले आणि मग, जन्म मास्तरांच्या संगतीत गेलेली बाई, विचारती झाली, "दहा कुठे कापले?"

कार्ड आलं, त्यावर बसचा पास आला. काठी भार्गवीने शिकवली. दोन शनिवार गणित बंद ठेवून तिने सरांना वसतिगृहाच्या अंगणात फिरवलं, आणि चुकलं की "पुन्हा" म्हणायची ती अगदी सरांच्याच आवाजात. रायापूरला सुधींद्रअण्णांनी डोळे मिटून काठी चालवून बघितली आणि ते स्वतःच्याच स्कूटरवर आपटले. त्यानंतर त्यांचे सल्ले बरेच कमी झाले. मग तीन मंगळवार सर एकटे बसने गेले, आणि विमलाबाई मागच्या बसने गुपचूप त्यांच्या पाठोपाठ. चौथ्या मंगळवारी त्या गेल्या नाहीत. त्यांनी बॅग भरायला घेतली.

जानेवारीत विमलाबाईंची गाडी सुटली त्या दिवशी शनिवार होता. सर त्यांना स्टेशनवर सोडायला गेले नाहीत, वर्ग होता. विमलाबाईंनी जाताना अकरा सूचना केल्या, बारावी सुरू करणार तोच सर म्हणाले, "जा आता. पोर वाट बघत असेल. मी करतो नीट."

बस खच्चून भरलेली होती. सरांनी पायरीवर काठी टेकून पाऊल टाकलं, कंडक्टरने हात दिला, पास बघितला. राखीव जागा दाराजवळच होती आणि त्यावर कोणी तरी बसलं होतं, कारण काठी बुटाला लागली. बूट हलला नाही. मोबाइलवर क्रिकेट चालू होतं.

गेली दोन वर्षं असं झालं की सर दांडा धरून हुबळीपर्यंत उभे राहत, आणि कोणी विचारलंच तर म्हणत, बसायचा कंटाळा आलाय. आजही तेच शब्द तोंडाशी आले होते. त्यांच्या मनात आलं, विमला गाडीत बसली असेल, ती याच भरवशावर बसली आहे. त्यांनी घसा साफ केला. मागच्या बाकापर्यंत पोचायचा तो आवाज अजून शाबूत होता.

"उठा. मी आंधळा आहे. ही माझी जागा आहे."

बसमध्ये एकदम सामसूम झाली. क्रिकेट बंद झालं. पुढे बूट सरकले, शेजारी पिशवी उचलल्याचा आवाज झाला, पलीकडच्या बाकावर कोणी धडपडलं, आणि मागूनही दोघे-तिघे उभे राहिल्यासारखे वाटले. सर चाचपत बसले. खिडकीतून गार वारा येत होता. त्यांनी काठी गुडघ्यांत धरली, पास खिशात ठेवला, आणि कोणाचीही बसायची हिंमत होत नाही हे त्यांच्या लक्षात आलं.

"एक जण उठला तरी पुरे," ते म्हणाले. "बाकीचे बसा."

सगळे बसले.